एका ताऱ्याचं गाऱ्हाणं

१

रविवारी सकाळी अशरफ परकारने दुकानाचं शटर वर केलं, त्याच्या आधीच दुकानाची अब्रू गेलेली होती. ती घेणाऱ्याचं नाव होतं एम. डी.

कुवेतमध्ये हवल्लीतल्या एका आडगल्लीत अशरफचं ‘मर्तबान स्टोअर’ नऊ वर्षं उभं होतं. घरी काही आंबवायचं असलं की लोक इथे यायचे. काचेच्या बरण्या, आतली हवा बाहेर सोडणारी पण बाहेरची आत न घेणारी झाकणं, विरजण, शिरक्याचं म्हणजे व्हिनेगरचं बीज, कांजीची मोहरी, सगळं एका छपराखाली. आता दारूबंदी असलेल्या देशात आंबवण्याचं सामान विकायचं म्हणजे तारेवरची कसरत. शिरका आणि दारू बरीच वाट एकत्र चालतात, फाटा शेवटी फुटतो. म्हणून अशरफने गल्ल्याच्या मागे चार भाषांत पाटी लावली होती: ‘दही, शिरका, लोणचं, कांजी. बाकी काही विचारू नये.’ यीस्टची पुडी गिऱ्हाइकाला एकच, दुसरी मागितली की हा माणूस बहिरा व्हायचा.

दोन गल्ल्या सोडून ताहिरा मुकादम टायपिंग सेंटरमध्ये बसायची. लोकांचे अर्ज अरबीत आणि इंग्रजीत उतरवून देण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती, आणि माणूस काय बोलतो आणि त्याला काय म्हणायचं असतं यातलं अंतर तिला इतरांपेक्षा लवकर दिसायचं. ‘घरचं आंबट’ हा व्हॉट्सॲप ग्रुपही तिचाच. परदेशातून पार्सलं मागवण्यापेक्षा इथल्या लहान दुकानांना धरून राहा, हे त्या ग्रुपचं म्हणणं. त्यासाठी तिने कुवेतमधल्या अशा दुकानांची यादी केली होती आणि प्रत्येकाला तारे दिले होते. मर्तबानला पाचपैकी पाच. स्वतः तीनदा जाऊन, झाकणं फिरवून बघून दिलेले.

अशरफ तिच्या टेबलासमोर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“ताहिराबाय, कोणीतरी माझं गाऱ्हाणं घातलंय. वाचा.”

मोबाइलच्या नकाशावर दुकानाच्या नावाखाली नवा अभिप्राय होता. तारा एक. मजकूर इंग्रजीत, तो मराठीत आणला तर असा: ‘एक अंकाचं दुकान. मी पंधरा दिवस आडवा होतो. मालकाने माझ्यासाठी अमली पदार्थ आणि मद्य केलं. आता मी उभा आहे. त्याला सोडू नका.’

ताहिराने तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

“अबू फहदने बघितलं?”

“त्यांनीच दाखवलं मना. त्यांच्या मोबाइलात अरबीत दिसतं, तिथे तर आणखी भयंकर. वर म्हणतात, एम. डी. म्हणजे डॉक्टर. डॉक्टर खोटं कशाला लिहील?” अशरफने मोबाइल टेबलावर ठेवला. “दुकान माझं, पण कुवेती म्हणून लायसन त्यांच्या नावावर हाय. म्हणाले, गुरुवारच्या दुपारपर्यंत हा डॉक्टर माझ्यासमोर आण, नाहीतर मी लायसन परत करतो. लायसन गेलं की माझा इकामा गेला, इथे राहायची परवानगीच गेली. पोरीची, जवेरियाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये हाय.”

“ॲपवाल्यांना कळवलं?”

“पोरीने कळवलं. म्हणते, डॅड, इट टेक्स टाइम.”

टाइम गुरुवारपर्यंतच होता. ताहिराने समोरचा कोरा अर्ज उलटा केला आणि त्याच्या पाठीवर तो मजकूर शब्द न शब्द उतरवून घेतला.

“तुमच्यावर खार खाऊन कोण आहे?” तिने विचारलं.

अशरफने बोटं मोजली. तीन भरली.

२

पहिलं बोट लुबनाचं. रुमैथियाच्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवायची. महिन्यापूर्वी तिच्या स्वयंपाकघरात शिरक्याची बरणी फुटली होती आणि भर दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत ती अशरफला म्हणाली होती, “मी बघून घेईन तुम्हाला.”

ताहिरा संध्याकाळी तिच्या घरी गेली. लुबनाने चहा दिला, मोबाइल हातात घेतला, आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

“तुम्हाला वाटलं हे मी लिहिलं?”

“वाटलं नाही. विचारायला आले.”

“बरणी माझ्याच चुकीने फुटली, ताहिरा आपा. मी हवेचं झाकण काढून साधं घट्ट बसवलं होतं. नंतर मीच त्यांना चार तारे दिले. एक कापला तो भिंत रंगवावी लागली म्हणून.” ती हसली, मग पुन्हा मजकुराकडे वळली आणि तिच्यातली शाळेतली बाई जागी झाली. “आणि हे बघा. ‘आय वॉज हॉरिझॉन्टल.’ इंग्रजीत आजारी माणूस असं म्हणतो का? ‘वन नंबर शॉप’ म्हणजे काय? माझी चौथीतली मुलंसुद्धा असं लिहिणार नाहीत. हा माणूस इंग्रजीत विचार करत नाहीये. घरच्या भाषेला बाहेरचे कपडे चढवलेत.”

“कुठल्या घरच्या?”

“ते तुम्ही ओळखा. अर्ज लिहायचं काम तुमचं.”

ताहिराने कागदावर लुबनाच्या नावापुढे फुली मारली. पण ‘आडवा’ या शब्दाखाली तिने रेघ ओढली, का ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

३

दुसरं बोट तुळशीदासचं. मालवणचा हा गडी अशरफकडे चार वर्षं काउंटरवर होता. सहा महिन्यांपूर्वी त्याने एका अनोळखी माणसाला यीस्टच्या दहा पुड्या एका दमात विकल्या, अशरफने सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं, आणि तुळशीदास तसाच चालता झाला. आता तो मीना अब्दुल्ला या भागातल्या एका लेबर कॅम्पात जेवण बनवायचा. सोमवारी दुपारी ताहिराने त्याला फोन लावला. मागे मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळल्याचा आवाज येत होता.

“राग आसा माका,” तुळशीदास सरळ म्हणाला. “चार माणसांत बोलले माका. पण मी लिवलंय आसतंय तर नावानिशी लिवलंय आसतंय. आणि मद्य खंयचा? ज्या माणसान दोन पुड्ये यीस्ट कोणाक दिल्यान नाय, तो दारू करतलो?”

“इंग्रजीत लिहिलंय.”

“मगे तर झालाच. माका मराठी लिवताना घाम येता.” तो जरा थांबला. “पण ताहिराबाय, इंग्रजी येवकच होया असा काय नाय हां. आमच्या कॅम्पात सगळे मोबाइलात तोंड घालून आपल्या भाषेत बोलतत, आणि मोबाइल इंग्रजी करून देता. सुपरवायझराक रजेचो अर्ज तसोच जाता. परवा एकट्यान ‘घरात लगीन आसा’ सांगल्यान, तर साहेबाक वाटला कॅम्पातच लगीन आसा.”

ताहिरा हसली, पण फोन ठेवल्यावर तिने कागदावर लिहिलं: ‘बोललेलं, लिहिलेलं नाही.’

मंगळवारी ती फहाहीलला गेली, तिसऱ्या बोटाकडे. जहीर श्रीवर्धनचा. अशरफसारखंच दुकान, पण तिच्या यादीत तीन तारे, कारण झाकणं हलकी होती आणि तक्रार केली की जहीरला कामं सुचायची. त्या तीन ताऱ्यांवरून वर्षभर तो तिच्याशी धड बोलत नव्हता. आज मात्र तिला बघून त्याला कोण आनंद झाला.

“या, या. उशिरा का होईना, पुन्हा दुकानात आलात. तुम्ही तीन दिले तरी लोक डोळस आहेत हो.” त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. “बघा. ताजा आहे. पाचच्या पाच.”

ताहिराने चष्मा सारखा करून बघितलं. जहीरच्या दुकानाला पाच तारे देणाऱ्याचं नाव होतं एम. डी. दिवस तोच. वेळ, अशरफच्या अभिप्रायानंतर सात मिनिटं.

४

बुधवारी सकाळपर्यंत ‘घरचं आंबट’मध्ये रान पेटलं होतं. एकाच माणसाने अशरफला खाली ओढलं आणि जहीरला वर चढवलं, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. जहीरवर बहिष्कार टाका, असे चाळीस निरोप येऊन पडले. अशरफ तर फहाहीलला जायला टॅक्सीत बसत होता, ताहिराने फोनवर त्याला शपथ घालून उतरवलं.

“मना सोडा ताहिराबाय. उद्या गुरुवार.”

“उद्या गुरुवार आहे म्हणूनच बसा. जहीरने हे करवून घेतलं असेल, तर त्याने खाली असं का लिहून घेतलं असेल, ते मला कळत नाही.”

कारण घाईत सगळ्यांनी तारे मोजले होते, मजकूर कोणी वाचला नव्हता. जहीरनेही नाही. पाच ताऱ्यांच्या खाली एम. डी. ने लिहिलं होतं: ‘पाच अंकाचं दुकान. दुसऱ्या दिवशी झाकण गेलं. मालकाला सांगितलं, तो टाळ्या देत नाही. त्याला सोडून द्या.’

झाकण गेलं म्हणणारा माणूस पाच तारे कशाला देईल? आणि मालक टाळ्या देत नाही म्हणजे काय? ताहिराने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहिले आणि नुसती बघत बसली. चहा निवला.

तेवढ्यात समोर एक बाई येऊन बसल्या. मुलाला दुसऱ्या शाळेत घालायचं होतं, इंग्रजीत अर्ज हवा होता. नाव, इयत्ता, सिव्हिल आयडी, सगळं झालं. मग बाई पुढे झुकल्या.

“गेल्या वर्षी तो पाचवा आला होता. ते नका घालू. यंदा पहिला आलाय, ते घाला. तसा पोरगा एक नंबर आहे हो.”

ताहिराची बोटं कीबोर्डवरच थांबली.

“काय म्हणालात?”

“पोरगा एक नंबर आहे म्हटलं. का, लिहिता येत नाही का असं?”

“येतं,” ताहिरा म्हणाली. “पण मोबाइलला येत नाही.”

तिने बाईंचा अर्ज पुरा केला, एकही चूक न करता. मग कागद पुढे ओढला आणि इंग्रजी मागे ढकलत, एकेक वाक्य ते जिथून आलं होतं तिथे नेऊन सोडलं. एक अंकाचं दुकान: एक नंबर दुकान. आडवा होतो: आजारी पडलो होतो. आता उभा आहे: मला उभं केलं. आणि ते भयंकर वाक्य, ज्याच्यापायी एका संसाराचा गाशा गुंडाळला जाणार होता, ते तिने लिहून बघितलं आणि एकटीच मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन कारकून दचकला.

तिने अशरफला फोन लावला.

“अशरफभाई, गेल्या महिन्यात तुम्ही कोणाची दवादारू केली होती का?”

“दवादारू? मी काय हकीम हाय? नाय वो.”

“आठवा. पोटाचा आजारी माणूस. पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेला.”

मग अशरफ सावकाश म्हणाला, “एक गाववाला आलेला एका शुक्रवारी. वेंगुर्ल्याकडचा. पोट धरून उभा. दवाखान्याच्या गोळ्या चालू, पण पोटात काय टिकत नव्हता. मी त्याला विरजण दिलं, एक बरणी दिली, पेज नि ताक कसा घ्यायचा ते सांगितलं. पुढे दोन आठवडे पाण्याच्या गाडीवाल्याबरोबर दर तिसऱ्या दिवशी दही पाठवलंव. ती काय दवा झाली? दही होता.”

“नाव?”

“विचारलं नाय. गाववालेच म्हणत होतो.”

“गाडी कुठे जायची?”

“मीना अब्दुल्ला,” अशरफ म्हणाला, आणि मग दोघांनाही एकदम तुळशीदास आठवला.

५

गुरुवारी अकराला अबू फहद दुकानात आला. पांढरीशुभ्र, पायघोळ दिशदाशा, हातात लायसनची फाइल. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. लुबना सुट्टी टाकून आली होती. जहीरला ताहिराने मुद्दाम बोलावलं होतं, आणि तो दारातच अंग चोरून उभा राहिला होता, कारण गेल्या दोन दिवसांत त्याला सगळ्या कुवेतने शिव्या घातल्या होत्या.

“डॉक्टर कुठे आहे?” अबू फहदने अरबीत विचारलं.

“डॉक्टर नाही,” ताहिरा त्याच भाषेत म्हणाली. “आधी मला दहा मिनिटं द्या.”

तिने दोन्ही कागद काउंटरवर ठेवले. “हे दोन्ही एकाच माणसाचे. वरच्याला एक तारा, खालच्याला पाच. आता तारे झाका आणि नुसतं वाचा. खालच्या दुकानाचं झाकण दुसऱ्या दिवशी गेलं आणि मालक टाळ्या देत नाही. आमच्या भाषेत, मालक दाद देत नाही, म्हणजे तक्रार ऐकत नाही. दाद म्हणजे वाहवासुद्धा, म्हणून मोबाइलने टाळ्या केल्या. तरीही तारे पाच. का? कारण या माणसाने तारे मोजले नाहीत, नंबर लावले. शाळेत लावतात तसे. पहिला नंबर सगळ्यांत वर, पाचवा खाली. आमच्याकडे सर्वांत चांगल्या गोष्टीला आम्ही एक नंबर म्हणतो.”

दारातून जहीर पुटपुटला, “म्हणजे मला पाचवा?”

“झाकणं बदला,” ताहिरा मागे न बघता म्हणाली.

“आणि मद्य?” अबू फहदने विचारलं. त्याचं बोट त्याच वाक्यावर होतं.

“आमच्याकडे आजाऱ्याचं औषधपाणी केलं की म्हणतात, दवादारू केली. जोडशब्द आहे, एका दमात बोलायचा. बोलणारा तो मोबाइलात बोलला. मोबाइलने जोड फोडली. दवाचे अमली पदार्थ केले, दारूचं मद्य.”

अबू फहदने ओठ मिटले. “आणि ‘त्याला सोडू नका’? तेही औषध?”

“सोडू नका म्हणजे हे दुकान चुकवू नका. हातचं जाऊ देऊ नका.”

“छान सांगता तुम्ही,” तो म्हणाला. “पण हे तुम्ही सांगता. तो कुठे आहे?”

अशरफने घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. फाइलवरचं अबू फहदचं बोट टकटक करत होतं.

मग काचेचं दार ढकलून तुळशीदास आत आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्यामागे निळ्या कामाच्या कपड्यांत एक उंच, बारीक माणूस होता, हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडावर अपराधी भाव.

“अख्खो कॅम्प धुंडाळलंय,” तुळशीदास म्हणाला. “आणि ह्यो माझ्याच हातचा जेवता. महादेव धुरी.”

“एम. डी.,” लुबना हळूच म्हणाली.

महादेवने पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून अबू फहदपुढे ठेवला. अरबीतच होता. पोटाचा आजार, तारखा, दोन सलाइन, नाव. शेजारी सिव्हिल आयडी. अबू फहदने ते एकेक ओळ बोट ठेवून वाचलं, त्यात कोणाच्या भाषांतराची गरज नव्हती.

“माका काय ठावक, तारे म्हणजे मार्क?” महादेव अशरफकडे वळला. “तुम्ही माझी दवादारू केलास म्हणून सगळ्या जगाक कळूक होया, म्हणून पयलो नंबर दिलंय. तुम्ही दिलल्या बरणीचा झाकण फहाहीलाक बदलूक गेलंय, त्या दुकानाक पाचवो. माझ्यापायी तुमच्या दुकानार इला, माका रात्रीपासून अन्न गोड लागला नाय.”

अशरफने नुसता महादेवचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

अबू फहदने कागद घडी करून परत दिला. मग लायसनची फाइल उचलली आणि काखेत मारली. “हे परत माझ्या कपाटात जातंय,” तो म्हणाला. “पण आधी ते तारे.”

इथे मात्र भलतीच अडचण आली. महादेवच्या हातात मोबाइल दिला, तारे दाखवले, आणि तो थबकला.

“पाच देव? अशरफभायंक? माझ्या हातान जावचा नाय.”

“अरे, पाच म्हणजे इथे पहिलो,” तुळशीदासने कपाळावर हात मारला.

“तुका कोणी सांगल्यान?”

शेवटी ताहिराने त्याला एकेक तारा मोजून समजावलं, आणि डोळे मिटून घेतल्यासारखं करत महादेवने पाचवा दाबला. जुना मजकूर पुसला. नवा त्याने सांगितला आणि या खेपेला तो मोबाइलने नाही, ताहिराने उतरवला. दही, ताक, पेज, पंधरा दिवस, सगळं सरळ इंग्रजीत. फक्त शेवटी महादेव अडून बसला म्हणून दोन शब्द मराठीतच राहिले: एक नंबर.

अशरफ तांदळाच्या पोत्यावर बसला आणि बायकोला फोन लावला. “नाय, काय नाय झाला,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जहीरने जाता जाता त्याच्याकडून हवेच्या झाकणांचा नमुना मागून घेतला. अशरफने मग तुळशीदासकडे बघितलं.

“त्या दिवशी चार माणसांत बोललो. एकट्याला बोलायला पायजे होता.”

“पुड्ये दहा दिललंय, तां पण खराच,” तुळशीदास म्हणाला, आणि विषय संपला.

निघायच्या आधी महादेव दुकानाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने हात जोडले. तुळशीदासने डोक्यावरची टोपी काढली.

“बा वरच्या धन्या,” महादेव म्हणाला, “ह्या दुकानाचो कारभार माझ्या तोंडान उलटोपालटो झालो, तो आज सुलटो कर. माझा चुकला तां पोटात घाल. ह्या घरातल्या पोरीच्या परीक्षेक यश दी. ह्या बरण्यांका तडो जाव देव नको. आणि हे जे कागद राखतत, तेंकाय बरो ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” तुळशीदास म्हणाला. पोत्यावरून अशरफही म्हणाला. रत्नागिरीकडच्या गावात लहानपणी तो हे ऐकतच मोठा झाला होता.

अबू फहद ताहिराकडे वळला. “काय बोलतोय तो?”

ताहिराने तोंड उघडलं आणि मिटलं. कोकणात याला म्हणतात देवाला गाऱ्हाणं घालणं. आणि त्या शब्दाचा मोबाइलातला अर्थ तिला पक्का ठाऊक होता: तक्रार. एका आठवड्यात एवढं पुरे झालं होतं.

“दुवा मागतोय,” ती म्हणाली. “दुकानासाठी. जवेरियासाठी. तुमच्यासाठीही.”

अबू फहदने फाइल काउंटरवर ठेवली, दोन्ही तळवे वर केले आणि त्या निळ्या कपड्यांतल्या माणसाकडे बघत म्हणाला, “आमीन.”